विजयन की भुतिया?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम लागला की शाहू स्टेडियमबाहेरच्या चहाच्या गाड्यावर हा प्रश्न मला हमखास येतो. "सर, भारताच्या निवृत्त फुटबॉलपटूंसाठी हॉल ऑफ फेम, म्हणजे थोरांचं मानाचं दालन, काढला, तर पहिला मान कुणाला? विजयनला की भुतियाला?" विचारणारा कुणी पाटाकडील तालमीच्या संघाचा असतो, कुणी खंडोबा तालमीच्या. मैदानात ही पोरं एकमेकांना पाण्यात बघतात, पण या वादासाठी एकाच बाकावर दाटीवाटीने बसतात. त्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं आणि ते मला देता येत नाही. परवा पुन्हा तुम्ही विचारलंत, म्हणून यावेळी सगळंच लिहून काढतो.

मला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण हा प्रश्न गोष्टीच्या मधूनच सुरू होतो. आय. एम. विजयन आणि बायचुंग भुतिया आपण टीव्हीवर पाहिले, म्हणून तेवढेच डोळ्यांसमोर येतात. पण हॉल ऑफ फेमची खरी गरज असते ती ज्यांना पाहिलेली माणसं एकेक करून जात आहेत अशा खेळाडूंना. सत्तर वर्षांपूर्वी भारतीय संघ ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत खेळला, हे शाळेतल्या मुलांना सांगितलं तर ती हॉकीबद्दलच बोलतोय असं समजतात. मी पस्तीस वर्षं खेळाचा शिक्षक होतो. हा अनुभव दरवर्षी यायचा आणि दरवर्षी तितकाच लागायचा.

तेव्हा माझ्या यादीत पहिलं नाव आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचं.

१ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिंपिकची उपांत्यपूर्व फेरी, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. भारताने सामना ४-२ असा जिंकला आणि त्यातले तीन गोल नेव्हिलचे. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. तीन दिवसांनी उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध उत्तरार्धात पहिला गोलही त्यानेच मारला. काही क्षण भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या वाटेवर होता! पुढच्या पंधरा मिनिटांतच युगोस्लाव्हियाने तीन गोल केले आणि सामना १-४ असा गेला. पुढे ब्राँझपदकाचा सामनाही बल्गेरियाने जिंकला आणि आपण चौथे राहिलो. चार गोलांसह स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता.

यावर पोरांचा आक्षेप ठरलेला. एका स्पर्धेवर माणूस इतका मोठा कसा? शिवाय पहिल्या फेरीत हंगेरी आलीच नाही, आपल्याला पुढे चाल मिळाली होती. आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. मुंबईने १९५४-५५ ची संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली, तेव्हाही नेव्हिल संघात होता, पण त्याच्या नावापुढे शंभर-दीडशे आंतरराष्ट्रीय सामने नाहीत, त्या काळात कुणाच्याच नसायचे. म्हणून माझं माप वेगळं आहे. देशाच्या वाट्याला आलेल्या सर्वांत मोठ्या सामन्यात हा गडी काय करून गेला, हे मी आधी बघतो. वर्षं किती खेळला, गोल किती, हे त्यानंतर. या मापाने नेव्हिलच्या पुढे मला कुणीच दिसत नाही. अर्जुन पुरस्कार सुरू झाले १९६१ साली, तोवर त्याचा बहर ओसरला होता. त्याला तो कधीच मिळाला नाही. १९८० साली, पन्नाशीही न गाठता तो गेला.

माझे तालमीतले वस्ताद तरुणपणी मुंबईत गिरणीत होते. रोव्हर्स कपच्या दिवसांत पाळी बदलून घेऊन ते कूपरेजच्या मैदानावर जायचे आणि तिथे त्यांनी नेव्हिलला पाहिलेलं. मी कितीदा तरी विचारलं, वस्ताद, कसा खेळायचा हो? त्यांना शब्दांत सांगता यायचं नाही. ते जागेवरून उठायचे, खांदा एका बाजूला टाकायचे, दुसऱ्या पायावर वळायचे आणि मग काही न बोलता परत खाली बसायचे. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. कुठलंही चित्रण न पाहता नेव्हिलसाठी मी इतका का भांडतो, असं विचारता ना? त्या वळण्यासाठी.

दुसरं नाव तुलसीदास बलराम. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा हा मुलगा, कोलकात्यात ईस्ट बंगालकडून खेळला. पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि बलराम ही त्या काळची त्रिमूर्ती होती. पी. के. आणि चुनी यांना पद्मश्री मिळाली, बलरामला नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरी, फ्रान्स आणि पेरू अशा गटात भारताने तीन गोल केले, त्यातले दोन बलरामचे होते. हंगेरीशी आपण १-२ ने हरलो, पण हरलो ते झुंजून, आणि तो एक गोल त्याचा. फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली, तो गोल पी. के. यांचा. पुढे आजारपणाने बलरामला ऐन सत्ताविशीत खेळ सोडावा लागला. यादी वर्षं मोजून करायची, तर तो मागे पडणारच. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो गेला, तेव्हा मी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून सांगितलं. चौघांपैकी एकाने विचारलं, "कोण बलराम, सर?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चुनी गोस्वामींना पहिल्या दोघांत का धरत नाही, असंही विचारतात. त्यांच्याबद्दल मनात काही उणं नाही. जाकार्ताच्या आशियाई सुवर्णपदकाचे ते कर्णधार. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधारही तेच, म्हणजे मुंबईचे क्रिकेटवालेही त्यांना ओळखतात. त्यांची आठवण ठेवणारं अख्खं कोलकाता आहे. माझी ओढ ज्यांना असं शहर नाही त्यांच्याकडे जाते, एवढंच.

जाकार्ता म्हटलं की जर्नैलसिंग. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत हा बचावातला पहाड थायलंडविरुद्ध जखमी झाला आणि डोक्याला टाके पडले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला घरी बसवलं नाही, पुढे फॉरवर्डला नेलं. उपांत्य फेरीत त्याने गोल केला. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी, ज्यांनी गटात आपल्याला ०-२ असं हरवलं होतं. राजकारणामुळे स्टेडियममधले लोक भारतावर उखडलेले. १७ व्या मिनिटाला पी. के. आणि २० व्या मिनिटाला जर्नैल, असे दोन गोल झाले आणि सामना २-१ असा आपला! त्यानंतर आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण आपल्याला पुन्हा मिळालेलं नाही. जर्नैलवर वाद घालणाऱ्याशी मी वाद घालत नाही. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते आणि पुढच्याच वर्षी गेले. त्यांना हॉलमध्ये घ्यायचं ते प्रशिक्षक म्हणून, वेगळ्या दारातून. खेळाडूंच्या यादीत त्यांना घुसवून एक जागा अडवू नये.

इंदरसिंगच्या बाबतीत मात्र मी चुकलो होतो, हे इथे कबूल करतो. खूप वर्षं तो माझ्या यादीत नव्हता. फगवाड्याचा हा माणूस क्लबचा खेळ पंजाबातच खेळला, म्हणून त्याच्याविषयी फार छापून यायचं नाही आणि मीही छापलेलंच वाचत होतो. १९६४ च्या आशिया कपमध्ये भारत उपविजेता ठरला, त्यात त्याचे दोन गोल. १९७४-७५ च्या संतोष ट्रॉफीत एकट्याने २३ गोल, आणि अंतिम सामन्यात पंजाबने बंगालचा ६-० असा फडशा पाडला. बंगालचा, सहा गोलांनी! एका निवृत्त जवानाने हे मला पुण्याच्या रेल्वे प्रवासात सांगितलं आणि लोणावळा येईपर्यंत मी मान्य केलं.

गोलरक्षकात पीटर थंगराज आणि ब्रह्मानंद संखवाळकर हे दोघंही हवेत. ताळगावच्या ब्रह्मानंदला साळगावकर क्लबच्या गोलात उभा असलेला मी गोव्यात पाहिलाय. गोलपोस्टमधून त्याचा आवाज थेट गॅलरीपर्यंत यायचा आणि बचावातली माणसं त्या आवाजावर हलायची. तो भारताचा कर्णधारही झाला. पद्मश्री २०२२ मध्ये मिळाली, म्हणजे खेळ सोडून किती वर्षांनी ते बघा.

आणि पोरांनो, तुमच्या यादीत बाई एकही नसते. शांती मलिकला १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलपटूला मिळालेला पहिला. ओइनम बेमबेम देवी मणिपूरची, मधल्या फळीतली, भारताची कर्णधार, पद्मश्री २०२०. या दोघींशिवाय हॉल उघडायचाच नाही, असं माझं ठाम मत आहे.

सुनील छेत्रीचं नाव इतक्यात काढू नका. अमेरिकेत कँटन नावाच्या गावी त्यांच्या तिकडच्या, चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलचा हॉल ऑफ फेम आहे. तिथे निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबावं लागतं. मला तो नियम पटतो. पाच वर्षांत टाळ्यांचा आवाज निवतो आणि माणूस नीट दिसू लागतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. विजयन त्रिशूरच्या स्टेडियममध्ये लहानपणी सोडा विकायचा आणि त्याच मैदानातून वर आला. १९९९ च्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई, स्पर्धेत भूतानविरुद्ध बाराव्या सेकंदाला त्याने गोल केला. त्याच्या पायाशी चेंडू आला की मी आजही खुर्चीवरून उठतो, जुन्या चित्रणातसुद्धा. भुतियाचा खेळ मला तेवढा कधी भिडला नाही. पण तो १९९९ साली इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला. २००८ चा एएफसी चॅलेंज कप आपण त्याच्या कर्णधारपदाखाली दिल्लीत जिंकला. त्या विजयाने सत्तावीस वर्षांनी आशिया कपचं दार उघडलं. मोठ्या सामन्यात काय करून गेला, हे माप मी नेव्हिलला लावलं. तेच या दोघांना लावायला हवं.

लावलं तर भुतिया. दोघंही आत घ्यायचे, पण आधी भुतिया, मग विजयन. रविवारी गाड्यावर भेटू. ज्यांना पटलं नाही, त्यांनी लवकर यावं.