पुन्हा पहिल्यापासून

"सॉरी सर, पुन्हा पहिल्यापासून सांगू का?"

मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर चालू असताना मी मध्येच एक साधी शंका विचारली, तर समोरचा मुलगा अडखळला आणि हे म्हणाला. शाळेत कविता म्हणताना ओळ विसरली की करायचो, अगदी तसं. (मीही कधीकाळी हेच केलंय. असो.)

मग बायोडेटा बाजूला ठेवून विचारलं, शेवटच्या प्रोजेक्टमध्ये फसलं काय होतं? गडी खुलला! चूक कशी सापडली, रात्री कुणाकुणाला उठवलं, सगळं हातवारे करून. यातलं अक्षरही त्यानं तयार करून आणलं नव्हतं. मुलाखतीत चुका सांगायच्या नसतात, असं कुणीतरी बजावलं होतं म्हणे.

कोण सांगतं हे यांना?