उजव्या हाताखालची पाने

सईने परवा पुस्तक परत आणून दिले. “मावशी, छान आहे, पण शेवटी त्या दोघी एकत्र येणार हे पहिल्यापासूनच कळतं ना,” एवढेच म्हणाली आणि चहा घेऊन निघून गेली. तिच्या बोलण्यात वावगे काहीच नव्हते. तरीही ते वाक्य मनातून जात नाही, आणि मला नेमके काय लागले हे उमगावे म्हणून आज लिहायला बसले आहे.

पुस्तक होते पॅट्रिशिया हायस्मिथचे ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’. १९५२ साली ते क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने निघाले. लेखिकेच्या खऱ्या नावाने बाजारात यायला १९९० साल उजाडले. न्यूयॉर्कमधल्या मोठ्या दुकानात, नाताळच्या गर्दीत, बाहुल्यांच्या काउंटरवर उभी असलेली थेरेस आणि गिऱ्हाईक म्हणून तिच्यासमोर आलेली कॅरल, या दोघींच्या प्रेमाची ही गोष्ट. पुढे कॅरलच्या नवऱ्याने मागावर लावलेला गुप्तहेर येतो, लेकीच्या ताब्याचा प्रश्न येतो, आणि त्यात कॅरल फार मोठी किंमत मोजते. पण त्या काळच्या वाचकाला खरा धक्का बसला तो शेवटी, कारण दोघींपैकी कोणी जीव देत नाही, कोणी वेडी होत नाही, कोणी पश्चात्तापाने लग्नाला उभी राहत नाही. स्वस्त आवृत्ती निघाल्यावर आभार मानणारी पत्रे लेखिकेला वर्षानुवर्षे येत राहिली. जो शेवट मिळाला म्हणून लोकांनी पत्रे लिहिली, तो सईला आधीपासूनच ठाऊक होता.

मला तो ठाऊक नव्हता. आजही कुठल्याही पुस्तकात दोन बायका एकमेकींच्या जवळ आल्या, आणि उजव्या हाताखालची पाने कमी होऊ लागली, की माझ्या पोटात गोळा येतो. मी अंगठ्याने उरलेल्या पानांची जाडी चाचपते आणि एवढ्या पानांत आता काय काय घडू शकते याचा हिशेब करते. लेखिका कितीही भली असली, पुस्तक कितीही अलीकडचे असले, तरी हा हिशेब थांबत नाही. सईच्या वाक्याने मला कळले की असा हिशेब न करता वाचणारी माणसेही आहेत, आणि त्यांतले एक माझ्याच घरात वाढले.

ही भीती माझ्यात शिरली ती ‘मित्राची गोष्ट’ वाचताना. तेंडुलकरांचे हे नाटक १९८१ साली रंगमंचावर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा या नायिकेची भूमिका केली होती. मी ते पाहिले नाही, वसतिगृहात वाचले, दार आतून लावून. सुमित्रा देव, म्हणजेच मित्रा, कॉलेजच्या नाटकात पुरुषाचे काम करते आणि नमाच्या प्रेमात पडते. मित्रा धीट आहे, हट्टी आहे, खोटे न बोलणारी आहे, आणि तेंडुलकरांनी तिच्याकडे कुठेही तुच्छतेने पाहिलेले नाही. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण मला माझ्यासारखी वाटलेली मराठीतली ती पहिली बाई होती, आणि नाटक संपायच्या आत तिने आयुष्य संपवले. तिची गोष्टसुद्धा तिचा मित्र बापू सांगतो; तिच्याविषयी जे कळते ते त्याच्याकडून. त्या वयात दुसरे एखादे पुस्तक हाती आले असते, तर आईशी मी तेव्हाच बोलले असते का, कोण जाणे. मीनलच्या बाबतीतही कदाचित... असो.

आज वाटते की मी रहस्यकथा, भयकथा, अद्भुतकथा यांच्याकडे वळले ती केवळ आवड म्हणून नव्हे. तिथे भीतीला दुसरे कारण मिळते. सारा वॉटर्सच्या ‘फिंगरस्मिथ’मध्ये कोण कोणाला फसवते आहे याचा छडा लावण्यात मी इतकी गुंतले होते की दोघींचे काय होणार ही धास्ती प्रथमच साधी, कुठल्याही वाचकाला वाटावी तशी झाली. ताशा सूरीच्या ‘द जॅस्मिन थ्रोन’मध्ये राजकन्येला तिच्या सम्राट भावाने कैदेत टाकले आहे आणि दासीच्या अंगी जुनी दैवी शक्ती आहे, तिथे संकट सिंहासनाकडून येते, जादूकडून येते. सई वाढली ती अशाच पुस्तकांवर. शेरिडन ले फानूची ‘कार्मिला’ तर १८७२ सालची, ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षे आधीची. तिथे पुरुष मंडळी रक्तपिपासू कार्मिलाच्या छातीत खुंटी ठोकतात, तिचे मुंडके उडवतात, आणि तरीही गोष्ट सांगणाऱ्या लॉराला अगदी शेवटच्या वाक्यात दिवाणखान्याच्या दाराशी तिचे हलके पाऊल वाजल्याचा भास होतो. ते वाक्य मी पुनःपुन्हा वाचते. मारूनही ती लॉराच्या मनातून गेली नाही, याचा मला फार आधार वाटतो.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली आणि तिचे दुःख अजून गेलेले नाही. मित्रा रंगमंचावर आली त्याच १९८१ साली लंडनमध्ये सुनीती नामजोशी यांचे ‘फेमिनिस्ट फेबल्स’ प्रसिद्ध झाले. नामजोशी मुंबईत जन्मलेल्या, आजोळ फलटणच्या राजघराण्यातले. पंचतंत्राच्या वळणाच्या छोट्या छोट्या कथांतून त्यांनी बाईचे बाईवरचे प्रेम बुद्धीने आणि खट्याळपणे मांडले. पुढे १९८५ साली तर भद्रावती नावाच्या गाईशी चाललेले संभाषणच त्यांनी कादंबरीभर लिहिले. फलटणशी नाते असलेली ही बाई इंग्रजीत हसत होती, आणि मी मराठीत मित्रासाठी रडत होते.

पहिले दोन दिवस मला सईचा राग आला, आणि स्वतःची कीवही. आपण धडधडत्या काळजाने जे वाचले त्याची हिला किंमत नाही, असे वाटत राहिले. पण समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी आला तेव्हा ती शाळेत होती. तिने पोटात गोळा घेऊन वाचावे अशी माझी इच्छा आहे का? नाही. तिला सुखान्त बाळबोध वाटावा, तिने त्याला नाक मुरडावे, हेच तर आम्हाला हवे होते. माझा हिशेब माझ्यापाशी राहील. तो आता सुटेल असे वाटत नाही, आणि सुटला नाही तरी वाचन थांबत नाही.

मराठीविषयीची तहान मात्र शमत नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ने २००६ साली तनय आणि अनुजा या भावंडांना एकाच भाडेकरूच्या प्रेमात पाडून मोठी वाट मोकळी केली, आणि ती कादंबरी मी अनेकांना वाचायला दिली आहे. आता मला दिवाळी अंकात एक रहस्यकथा हवी आहे. नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात एकत्र राहणाऱ्या दोन निवृत्त शिक्षिका, खालच्या बिऱ्हाडातून नाहीशा झालेल्या पाटल्या, आणि पाटल्या कोणी नेल्या यावरून रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या दोघींची लागलेली पैज. त्या दोघी एकत्र का राहतात हे कथेत कोणी विचारू नये. चोर मात्र शेवटच्या पानापर्यंत कळता कामा नये. अशी कथा कोणी लिहिली असेल तर मला जरूर कळवावे. सईसाठी नको, मलाच हवी आहे.