भोकांच्या पत्र्याचं शिखर सापडलं. आता मेणाचं भिंग

१२ मिमी भोकं, २७ मिमी पिच (शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर), १२ × १२ ची जाळी, १ मिमी अ‍ॅल्युमिनियम. या पत्र्यातून मायक्रोवेव्ह लहरी किती पार जातात ते वारंवारता बदलत मोजतोय; सर्वांत जास्त पार जातात ते शिखर आता १०.८ गिगाहर्ट्‌झच्या आसपास स्वच्छ दिसतंय. ११.१ ला, म्हणजे तरंगलांबी पिचएवढी होते तिथे, खड्डाही, म्हणजे सर्वांत कमी पार जाण्याची जागाही, आहे. भोकाचा आकार बदलला की शिखर सरकतं. खड्डा मात्र पिचला बांधलेला, त्यामुळे आधी तोच शोधा.

आधीच्या स्लॉटच्या (लांबट फटींच्या) पत्र्याला एवढा खटाटोप लागला नव्हता, तिथे १४ मिमीची फट, म्हणजे अर्धी तरंगलांबी, स्वतःच रेझोनंट. १२ मिमीच्या गोल भोकाचा कटऑफ (ज्याच्या खाली लहर भोकातून नीट वाहत नाही ती वारंवारता) १४.६ गिगाहर्ट्‌झ, त्यामुळे ते एकटं फारसं काही सोडत नाही. शेजारच्या भोकांशी जुळलं तरच सोडतं. पत्रा पातळ हवा तो यासाठीच: १ मिमीत कटऑफचा तोटा २ डीबीच्या आत राहतो, ३ मिमीत ५ च्या वर जातो.

सगळं अडलं होतं उभ्या लहरींपाशी, म्हणजे लहर सोडणारा कर्णा (हॉर्न) आणि पत्रा यांच्यामध्ये उसळत राहणाऱ्या लहरींपाशी. पत्रा ७ मिमी, म्हणजे पाव तरंगलांबी, सरकवला की रीडिंग खालीवर, आणि ती हेलकावणी शिखराएवढीच मोठी. आयसोलेटर (लहर एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लहरी तयार करणाऱ्या गन ऑसिलेटरला वाचवतो; हॉर्नच्या तोंडावरून पुन्हा पत्र्याकडे उसळणाऱ्या लहरीचं तो काय करणार? नेहमीचा इलाज म्हणजे पत्रा थोडा तिरका करणं. स्लॉटला तो चालतो, भोकांना नाही. E (लहरीचं विद्युत क्षेत्र) च्या प्रतलात ५° कललं की खड्डा २७ ऐवजी २९.३५ मिमीवर (पिच × (१ + साइन ५°)) जातो, म्हणजे ११.१ वरून थेट १०.२ वर. शिखर दुभंगून पसरतं आणि पत्राच बिघडलाय असं वाटतं.

सुटका अशी: पत्रा E ला समांतर अक्षाभोवती फिरवायचा. बेंचवर E उभा आहे, म्हणजे दार उघडतो तसा. आता खड्डा पिच × कोसाइनवर, ५° ला बदल जेमतेम ०.४ टक्के! हॉर्न ते पत्रा ६०० मिमी ठेवलं की परतणारा झोत हॉर्नपासून सुमारे १०५ मिमी बाजूला पडतो. तिथे आयसीच्या पाकिटातला काळा कार्बन फोम लावा. उरलेल्या हेलकावणीसाठी ७ मिमी अंतराने दोन रीडिंग घेऊन सरासरी.

सिग्नल दाखवणाऱ्या व्हीएसडब्ल्यूआर मीटरचा काटा एकाच खुणेवर ठेवून आकडा अ‍ॅटेन्युएटरवर (सिग्नल मोजून कमी करणाऱ्या भागावर) वाचावा, म्हणजे १एन२३ या डिटेक्टर डायोडचा वक्र मध्ये येत नाही. शून्यासाठी त्याच मापाचा बिनभोकाचा पत्रा. त्यातूनही सिग्नल आला तर कडेची गळती समजा आणि चौकटीला अ‍ॅल्युमिनियम टेप फिरवा.

वाळूजला पंचिंग स्वस्त पडतं, पण इतक्या भोकांनी पत्रा फुगतो. लेझरच घ्या, कापलेल्या कडांची बर (उरलेली धार) घासून काढा.

शिखर अजून बोथट आहे, कारण ६०० मिमीवर कडेच्या भोकांना लहर सुमारे १४° तिरकी मिळते. पुढे स्टीलचा पत्रा कापायचा होता, तो बेत बाजूला. आधी लहर समांतर करणारं मेणाचं भिंग: अपवर्तनांक १.५ धरून, ६०० मिमी नाभीय अंतराला वक्रता त्रिज्या ३०० मिमी. ३०० मिमी व्यासाला मधली जाडी ४० मिमी, पॅराफिन सव्वा किलोच्या थोडं वर. साचा म्हणून हलवायाची मोठी कढई चालेल, फक्त ३०० मिमी रुंदीवर खोली ४० भरते का ते पट्टी लावून बघा. मेण निवताना मध्ये खचतं, म्हणून थर देत ओतायचं. आणि ५८–६० अंशांत वितळणारंच घ्यायचं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत त्याहून मऊ मेण उभं राहणार नाही.