डोक्यापुरता डबा

पंचगंगेत मी पोहायला शिकलो ते पाठीला डबा बांधून. तेलाचा पाच लिटरचा डबा, तोंड झाळून बंद केलेलं, आणि बांधायला जुन्या धोतराची पट्टी. वाळका भोपळा बांधणारी पिढी आमच्या आधीची. घाटाच्या पायरीवर मला एकच घोर: मी तीस किलोचा, डबा एवढासा. हा मला कसला पेलतोय?

हिशेबच चुकला होता, हे फार उशिरा कळलं. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका रेटा पाणी तिला खालून देतं. आर्किमिडीजनं हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. छातीत दम भरून घेतला तर बहुतेक माणसं नदीच्या गोड्या पाण्यातही जेमतेम तरंगतात. टाळू वर, बाकी सगळा ऐवज आत. पंचाईत एवढीच, की नाकही आत. ते बाहेर काढायचं तर डोकं बाहेर येतं, आणि बाहेर आलेल्या डोक्याचा भार पाणी घेत नाही. पोराचं झालं तरी ते तीन-चार किलोचं. म्हणजे डबा मला पेलतच नव्हता, नुसतं डोकं पेलत होता! पुरता बुडवला तर पाच लिटरचा डबा पाचेक किलो उचलतो. म्हणून तर माझा डबा थोडा वर असायचा, ऐटीत.

काठावरून आण्णा, माझे थोरले चुलते, ओरडायचे, "हात वर काढू नगंस रं! पाण्यात ठेव!" मला ती शिस्त वाटायची. पण घाबरून दोन्ही हात उंचावले, की त्यांचंही वजन डब्यावर यायचं आणि तो बिचारा माझ्यासकट खाली. मी नेमके हातच वर करायचो, हे केवढं दुर्दैव.

एकदा झाळणीला बारीक भोक पडलं. बुडबुडे मागे निघत होते, मला काय दिसणार? हनुवटी गेली, मग नाक. आण्णांनी केसाला धरून ओढलं.

नंतर मिसळ. तांबड्या कटाचं तेल पाण्याहून हलकं, ते आपलं वर निवांत. आण्णांनी ब्रेडचा तुकडा मोडून त्यावर सोडला. तो तरंगला, हळूहळू तांबडा झाला, एका बाजूनं कलला आणि गेला तळाला.

"ह्यो तुझा डबा," म्हणाले, आणि चमच्यानं काढून खाऊन टाकला.