आमची वाटचाल : समुद्राचं सामान आणि वैनगंगेचं पाणी

आमच्या गोदामाच्या दाराशी एक निळी बादली असते. तिच्यात वैनगंगेच्या घाटावरचा गाळ पातळसर कालवलेला असतो. पाणबुड्याला टाकीतली हवा श्वासाला देणारा नवीन रेग्युलेटर आला की नळीला हवा जोडायची, तोंडात धरायचा भाग बादलीत बुडवायचा, बटण दाबून वीस-पंचवीस वेळा हवा सोडायची आणि मग कान लावून बसायचं. हवा थांबली तर ठीक. बारीक फुसफुस चालूच राहिली तर तो आमच्या कामाचा नाही, मग कितीही महागाचा असो. ही चाचणी कोणत्याच माहितीपुस्तकात नाही. ती काकांची.

काका म्हणजे बाबांचे चुलत भाऊ. आमचं घर धिवराचं, पवनीच्या बाजूचं. काका दम धरून बुडी मारत. पडलेली मोटर, पंपाचा तुटलेला फूट-व्हॉल्व्ह, अडकलेलं जाळं आणि वाईट दिवस असला तर माणूस, असं सगळं त्यांनी वर काढलं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून गावी आलो तेव्हा गोसीखुर्दचं पाणी मागे मागे पसरत होतं. १९८८ मध्ये पायाभरणी झालेलं हे धरण, ३३ दरवाज्यांचं. पाणी आलं तशी पाणीपुरवठ्याच्या विहिरींची जाळी तुंबू लागली, उपशाच्या पंपाच्या तोंडाशी जलपर्णी गुंतू लागली. पाण्याखाली पाऊण तास राहून पाना फिरवणारा माणूस मात्र जवळपास नव्हता. तिथे मला धंदा दिसला.

तारकर्लीला जाऊन स्कूबा शिकलो. येताना किनाऱ्यावरच्या एका व्यावसायिकाकडून वापरलेले दोन संच घेऊन आलो. पारख काय केली? चकाकी बघितली. लग्नात भांडी घेतो तशी.

पहिलं काम एका मामा तलावाचं होतं. आमच्याकडे माजी मालगुजारी तलावाला मामा तलाव म्हणतात, बाहेरच्यांना हसू येतं. तुडुमाच्या, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या मोरीच्या, तोंडाशी साचलेला गाळ आणि फांद्या काढायच्या होत्या. कमरेला शिशाचं वजन समुद्रात होतं तेवढंच बांधलं. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड, त्यामुळे ते माणसाला जास्त उचलून धरतं. गोड्या पाण्यात दोन-अडीच किलो कमी लागतं, हे वर्गात ऐकलं होतं आणि विसरलो होतो. गुडघाभर रुतलो. त्या धडपडीत गाळ उसळला आणि चार मीटरवर रेग्युलेटर सुटला. हवा थांबेचना. दहा मिनिटांत टाकी रिकामी करून वर आलो, तर पाळीवर बसलेले काका म्हणाले, “माहा दम माह्या पोटात हाये. तुहा पाठीवर हाये, तं तो कवा सुटन हे तुले मालूम पायजे ना बाबू!”

घरी येऊन रेग्युलेटर उघडला. त्याचा पहिला टप्पा, म्हणजे टाकीला लागतो तो, पिस्टनचा निघाला. टाकीतली २०० बारची (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाएवढा) हवा हा टप्पा भोवतालच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार वर आणून ठेवतो आणि तोंडाजवळचा दुसरा टप्पा ती श्वासाजोगी करतो. साध्या पिस्टनच्या प्रकारात बाहेरचं पाणी थेट पिस्टनच्या पोकळीत शिरतं. स्वच्छ समुद्रात ते चालून जातं. आमच्या पाण्यात तिथे चिकणमातीचा लेप बसला होता, पिस्टन अडखळला होता आणि दोन टप्प्यांमधला दाब चढत गेला होता. तेव्हापासून आम्ही पिस्टनऐवजी लवचिक पडद्याचा, बाहेरून सीलबंद पहिला टप्पाच घेतो. पैसे जास्त जातात, जाऊ द्या. मधला दाब मोजायचं घड्याळही घेतलं. जोडून पाच मिनिटं ठेवायचं. काटा हळूहळू वर सरकला तर आतली सीट, म्हणजे हवा अडवणारी बैठक, गेली असं समजायचं.

वापरलेला रेग्युलेटर बघायची सोपी रीत आहे. टाकीला न जोडता पहिल्या टप्प्याचं तोंड झाकणाने बंद करून दुसऱ्यातून हवा ओढायची. काहीच आलं नाही पाहिजे. आली तर पडदा फाटलाय किंवा बाहेर जाणारी झडप चिकटलीय. मग नळ्या टोकाशी वाकवून भेगा बघायच्या. शेवटी टाकी जोडून, दाबाच्या काट्याकडे बघत चार मोठे श्वास घ्यायचे. काटा श्वासागणिक खाली झुकून परत येत असेल तर झडप पूर्ण उघडलेली नाही किंवा वाट कुठेतरी तुंबलीय.

टाकीबाबत आम्ही दोन वर्षं अडाणीच होतो. गंमत अशी की उच्च दाबाच्या सिलेंडरांचे नियम बघणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, आणि मी माहिती विचारत होतो मालवणात. टाकीच्या खांद्यावर ठोकलेले आकडे वाचायला शिकलो : दाब, वजन, पाण्याच्या दाबाची शेवटची चाचणी कधी झाली. जुन्या ॲल्युमिनियम टाक्या ६३५१ मिश्रधातूच्या असत. त्यातल्या काहींना मानेपाशी आतून भेगा पडल्या, म्हणून कंपन्या पुढे ६०६१ वर गेल्या. आम्ही घेतलेल्या दोन टाक्यांपैकी एकीचं वय कोणालाच सांगता येईना. ती कापून आता अंगणात तुळशीजवळ कुंडी म्हणून आहे.

किती वेळ पुरेल, हा हिशोबही आमचा वेगळा. नेहमीच्या ८० घनफुटी (म्हणजे दाबून एवढी साधी हवा मावणाऱ्या) टाकीची आतली जागा ११ लिटर, म्हणजे २०० बारला साधारण २,२०० लिटर हवा. पाना फिरवणारा माणूस मिनिटाला पस्तीस लिटर सहज ओढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे सत्तर लिटर. ५० बार राखीव ठेवले की कामाला वीस-तेवीस मिनिटं उरतात. त्यातही मे महिन्यात टिनाच्या शेडखाली तापलेली टाकी २०० दाखवते आणि पाण्यात थंड झाली की १८० वर येते. हे गिऱ्हाइकाला समजावता समजावता तोंडाला फेस येतो.

हवा भरायला नागपूरला टाक्या न्यायचो. मग कॉम्प्रेसर घेतला. गावात सल्ल्यांची कमी नाही. एक जण म्हणाला, पंक्चरवाल्याची हवा काय वेगळी असते? दुसरा म्हणाला, वेल्डिंगचं ऑक्सिजन भर, जास्त ताकद येईल. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखं वागतं, झटके येतात, आणि पाण्याखाली झटका म्हणजे खेळ खलास. पंक्चरवाल्याच्या हवेत तेलाची वाफ असते आणि दाबही दहा बारच्या आसपासच. पण आम्हीही शहाणे नव्हतो. आमचा कॉम्प्रेसर पेट्रोल इंजिनाचा होता. एका संध्याकाळी वारा फिरला आणि धूर हवेच्या नळीकडे गेला. दुसऱ्या दिवशी दोघांची डोकी पाण्याखाली ठणकली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. श्वासाच्या हवेच्या युरोपीय मानकात त्याची मर्यादा दहा लाखांत ५ भाग एवढीच आहे, कारण पाण्यात खोल गेल्यावर तेवढंच विष जास्त जोराने लागतं. इंजिन विकलं. आता मोटरवर चालवतो. थ्री फेज रात्री येते, तर रात्री भरतो. हवा ओढणारी नळी कडुनिंबाच्या बाजूला पंधरा फूट वर नेलीय. फिल्टर तासांच्या वहीप्रमाणे बदलतो, मनाप्रमाणे नाही.

मास्कचं थोडक्यात सांगतो : पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने हवा ओढा, चिकटून राहिला तर तुमचा. काकांना एकही चिकटला नाही. मिशी! ती काढायला ते तयार नाहीत, म्हणून ते अजून पाळीवरच बसतात, दोर धरून.

त्यांचा दोर हेच आमचं सगळ्यात जुनं सामान. आमच्या पाण्यात हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमधून वैनगंगेत येतं, त्यामुळे गोसीखुर्दच्या पाण्यात पूर्ण चेहरा झाकणारा मास्कच वापरतो. पाठीवरची टाकीही आता फक्त शोधकामाला. जाळी आणि झडपांच्या कामाला वरून नळीने हवा आणि बोलायला तार. टाकी तेव्हा फक्त अडीनडीला.

मागच्या उन्हाळ्यात एक ठेकेदार आला. तुडुमातून पाणी वाहत असताना ते आतल्या बाजूने बुजवायचं होतं. मी कागदावर मांडून दाखवलं : पाच मीटर पाण्याखाली एक चौरस फुटाचं भोक म्हणजे त्याच्यावर सुमारे ४६० किलोचा जोर. हात गेला की गेला. पलीकडून पाणी अडवून दोन्हीकडची पातळी सारखी करा, मग उतरतो. “तुमच्याकडे एवढं भारी सामान आहे ना?” असं म्हणून तो निघून गेला.

परवा गोंदियाकडून एकाचा फोन आला. वापरलेला संच मिळतोय, एकदम चकाचक आहे, घेऊ का जी? मी टाकीच्या खांद्यावरच्या ठशाचा फोटो मागितला. फोटो आला तर ठशावर माशाचं रंगीत स्टिकर. ते खरवडून पुन्हा पाठवा म्हटलं. अजून आलेला नाही.