पेवात हळद किती होती?

‘सांगलीच्या महापुरावर कादंबरी लिहायचीय’ असं पावसाळा सरला की कुणीतरी म्हणतंच. हा झाला विषय. कथाबीज अजून कुठंच नाही. पूर अख्ख्या गावावर येतो; बीज सापडतं ते त्या पुरात एकाच माणसाची कोंडी होते तेव्हा.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं घ्या. जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची कोठारं. तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही, म्हणून हळदीला कीड लागत नाही. २००५ च्या पुरात या पेवांत पाणी शिरलं, हळद नासली. इथपर्यंत ही नुसती बातमी. तिला एक आडवा प्रश्न विचारायचा: पाणी आल्यानं कुणाचं भलं होईल?

ज्यानं आतली हळद आधीच गुपचूप विकलीय, त्याचं!

आता बीज वहीत दोन ओळींत मांडता येतं. ‘पेवमालकानं दुसऱ्याच्या ठेवीतली हळद विकली आहे. पूर चढतोय, पेव उघडलं तर चोरी उघडी पडते, नाही उघडलं तर उरलेली हळदही जाते.’ दोन्हीकडून नुकसान हवंच. एक वाट सोपी राहिली तर माणूस तिकडूनच जातो आणि कादंबरी दहाव्या पानावर संपते.

मग ठेव कुणाची? बड्या व्यापाऱ्याची असेल तर वाचक खांदे उडवेल. दोन एकरवाल्या शेतकऱ्याची, दर चढेल म्हणून राखलेली असेल तर पेवमालकाला रात्री झोप लागणार नाही.

पूर इथं कामाला येतो, कारण तो फुटाफुटानं चढतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांना गेलं की इशारा, ४५ ला धोका. कोयना धरणातून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायलाही बरेच तास जातात. तेवढ्या वेळात माणूस ठरवतो, बदलतो, खोटं बोलतो. शिवाय पेवाचं तोंड काढल्या काढल्या आत उतरता येत नाही, कोंडलेली हवा जीव घेते. म्हणजे निर्णय झाला तरी आणखी ताटकळणं आलंच. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपातून हे साधणार नाही. तो पहाटे आला आणि काही क्षणांत उरकला. भूकंपानं कादंबरी सुरू करावी. मधली दोनशे पानं त्याच्यावर पेलत नाहीत.

साल बदलून बघा. २०१९ घेतलं तर व्हॉट्सॲपवर पाण्याची पातळी घरोघर कळते. ‘मला कळलंच नाही’ ही सबब गेली, आणि या गोष्टीची अर्धी मदार त्या सबबीवरच आहे. साल आधी ठरवायचं ते यासाठी.

एवढ्यावर निघते ती दीर्घकथा. ओळखायची खूण अशी: मागे फिरता येणार नाही असे प्रसंग मोजायचे. चार-पाचांवर गाडी अडली तर कथा लिहून मोकळं व्हावं, दहा-बाराच्या पुढे जात असेल तर कादंबरीचा विचार. या बीजात पूर ओसरल्यावर पंचनामा येतो. आत किती पोती होती, हे कागदावर सांगायचंय. खरा आकडा सांगितला तर उरलेली कुठं गेली ते सांगावं लागेल, खोटा सांगितला तर नसलेल्या हळदीची भरपाई मागावी लागेल. नवशिके बहुतेकदा पाणी उतरलं की कादंबरी आटपतात. खरं तर तिचा उत्तरार्ध तिथून सुरू होतो.

शेवटी, सांगणारा कोण? पेवमालक, शेतकरी आणि पेवात उतरणारा हमाल, तिघांच्या बाजूनं एकेक पान लिहून बघा. माझं मत हमालाला. पाय टेकायला नेहमीपेक्षा खोल उतरावं लागलं, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं, आणि मजुरी मात्र मालकाकडूनच घ्यायची असते.