बॉक्स की रिमॅप, आणि मध्ये अडकलेले सात आठवडे

गाडी आता उत्तम चालते. तरीही लिहायला बसले आहे, कारण त्या सात आठवड्यांचा राग अजून उतरलेला नाही. एका साध्या चाचणीने हे सगळं पहिल्याच दिवशी मिटलं असतं, आणि ती चाचणी कर असं मला कुणीही सांगितलं नाही.

गाडी दोन लिटरची टर्बो डिझेल, मॅन्युअल गिअरची, १,४०,००० किलोमीटर झालेली. तक्रार एकच होती. पाच माणसं आणि सामान भरलं की चढाला दम टाकायची. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, पुन्हा तिसऱ्यावर, असा खेळ चालायचा, आणि ओव्हरटेक करायला निघालं की अर्ध्यात पिकअप संपायचा. 'जुनी झाली आता' असं म्हणत दोन वर्षं काढली. मग पॉवर वाढवून घ्यायचं ठरवलं. त्याचे दोन मार्ग: बाहेरून एक छोटा बॉक्स जोडायचा, किंवा इंजिनच्या संगणकातला, म्हणजे ईसीयूतला, प्रोग्रॅमच बदलून घ्यायचा. हा दुसरा म्हणजे रिमॅप.

सुरुवात बॉक्सने केली. ईसीयूच्या आतल्या प्रोग्रॅमला हात लावू द्यायची मला भीती वाटत होती. बॉक्सला दोन प्लग, बसवायला दहा मिनिटं, नको वाटला तर काढून ठेवायचा. पण तो करतो काय, हे मी बसवल्यानंतर वाचलं. इंजेक्टरांना दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या नळीवर, म्हणजे कॉमन रेलवर, एक प्रेशर सेन्सर असतो. तो साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत सिग्नल देतो. प्रेशर जितकं जास्त, तितके व्होल्ट जास्त. बॉक्स सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसून हा सिग्नल थोडा कमी करून पुढे पाठवतो. ईसीयूला वाटतं प्रेशर कमी पडतंय, म्हणून तो ते वाढवतो. इंजेक्टर पूर्वीइतकाच वेळ उघडतो, पण त्यातून डिझेल जास्त जातं. याचा दुसरा अर्थ असा की स्कॅनरही तेच खोटं प्रेशर दाखवतो. पडद्यावर १,४५० बार दिसत असतील तेव्हा रेलमध्ये १,६०० असू शकतात, आणि तो ताण पंपाने आणि इंजेक्टरांनी सोसायचा. काही महागडे बॉक्स बूस्टच्या, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेच्या दाबाच्या, सेन्सरलाही जोडलेले असतात, म्हणजे हवाही वाढवतात. माझा फक्त रेलवरचा होता.

पहिल्या दिवशी मजा वाटली. दुसऱ्या दिवशी आरशात पाहिलं तर मागे काळा धूर. सेटिंग वर नेलं तर चढावर इंजिनचा दिवा लागून गाडी लिंप मोडमध्ये गेली, म्हणजे इंजिन वाचवायला ईसीयूने ताकदच कापली. खाली आणलं तर दिवा गेला, पण धूर राहिलाच. डिझेल वाढलं आणि हवा वाढली नाही की हे होणारच. आमच्या गाडीत तर हवा आधीच कमी पडत होती, पण ते कळायला अजून वेळ होता. बॉक्स काढून ठेवला आणि रिमॅपवाल्याकडे गेले.

तिथून पुढचे सात आठवडे.

गाडी ठेवली, त्याने गाडीच्या तपासणीच्या, म्हणजे ओबीडीच्या, सॉकेटमधून ईसीयू वाचला, संध्याकाळी नवी फाईल टाकून दिली. बाहेर पडल्यावर वीस मिनिटांत दिवा लागला. कोड पी ०२९९, म्हणजे ईसीयूने मागितलेलं बूस्ट टर्बोकडून मिळत नाही. फोन केला. "ताई, फाईल जरा स्ट्राँग झाली असेल, थोडी कमी करून मागवतो." मागवतो हा शब्द तेव्हा माझ्या लक्षात यायला हवा होता. फाईल तो स्वतः बनवतच नव्हता. त्याचं काम फक्त वाचायचं आणि टाकायचं. फाईल बनवणारा माणूस भलतीकडे बसलेला, त्याने गाडी पाहिलेली नाही, आवाज ऐकलेला नाही, एकही आकडा मागितलेला नाही. पुढची फाईल यायला नऊ दिवस लागले. रोज विचारलं की "आज येईल" हेच उत्तर. ती टाकली, आणि तोच कोड पुन्हा आला. तिसरीला बारा दिवस. मधल्या काळात मी गाडी दोन हजार आरपीएमच्या वर न नेता चालवत होते, कारण त्यावर जोर दिला की लिंप मोड ठरलेला.

मला मूळ फाईल परत हवी होती. गाडी होती तशी करून द्या, एवढंच मागणं. तो म्हणाला, "ओरिजिनल आहे ना माझ्याकडे, काळजी करू नका." मी पेनड्राइव्ह घेऊन गेले, त्याने फाईल दिलीही. दुसऱ्या एका जाणकाराला दाखवली तर तो म्हणाला, ही कुलूपबंद आहे. फक्त वाचण्या-टाकण्यापुरतं जे यंत्र असतं, ते फाईल सांकेतिक रूपात साठवतं. ज्या मुख्य माणसाशी ते यंत्र बांधलेलं आहे त्याच्याकडेच ती उघडते. म्हणजे माझ्याच गाडीची मूळ फाईल माझ्या हातात असूनही दुसऱ्या कुणाच्या कामाची नव्हती. कुठल्याही रिमॅपवाल्याकडे गाडी ठेवण्याआधी दोन गोष्टी विचारा: फाईल तुम्ही स्वतः बनवता का, आणि वाचलेली मूळ फाईल उघडी मिळेल का. उत्तर देताना चाचरला तर किल्ली खिशात घालून परत या.

तिसरी फाईल टाकल्यावर दिवा लागला नाही. चार दिवस मी समाधानात होते. पण भरलेली गाडी घेऊन चढाला लागले तर तोच दम, तोच धूर, फक्त दिवा नाही. मला ते पटेना. तोपर्यंत मी एक छोटा ओबीडीचा डोंगल घेतला होता आणि फोनवर आकडे बघायला शिकले होते. मोकळ्या सरळ चढावर, बहिणीच्या हातात फोन देऊन, तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला. बूस्टची मागणी २,३०० मिलिबार, प्रत्यक्षात १,९०० च्या आसपास. बाहेरच्या हवेचा दाब त्यात धरलेला असतो, म्हणजे हा फरक लहान नव्हता. इतकं बूस्ट कमी पडत असताना कोड यायलाच हवा. दोनदा, तीनदा करून पाहिलं. कोड नाही.

सरळ गॅरेजला गेले आणि विचारलं. तो अगदी सहज म्हणाला, "तो कोड बंद केलाय फाईलमध्ये. आता त्रास होणार नाही."

ते वाक्य मला आजही ऐकू येतं. बिघाड तिथेच होता, बिघाड सांगणारी सोय तेवढी मिटवली होती. आणि टर्बो ती कमतरता भरून काढायला जास्त वेगाने फिरत राहणार, धूर होत राहणार, एक दिवस टर्बोचं बेअरिंग जाणार. दिवा लागला नाही म्हणजे काम झालं असं कधीही समजू नका. फाईलमध्ये कोणकोणते कोड बंद केले आहेत, हे लिहून मागा. डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) किंवा ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी सोय) बंद करून देतो म्हणणाऱ्याला तर तिथेच नाही म्हणा. रस्त्यावरच्या गाडीतून प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि धूर आपल्याच मागच्यांच्या नाकात जातो.

त्याच दिवशी मूळ फाईल त्याच्याचकडून पुन्हा टाकून घेतली. समोर उभी राहिले, बॅटरीला बाहेरून स्थिर पुरवठा जोडायला लावला, मगच सुरुवात करू दिली. हे आधी सांगायचं राहिलं: फाईल टाकताना व्होल्टेज पडलं आणि लिहिणं अर्धवट राहिलं तर ईसीयू कायमचा निकामी होऊ शकतो. पहिल्या तीन वेळा त्याने काहीच जोडलं नव्हतं, हे मला नंतर समजलं.

मग एका जुन्या डिझेल मेकॅनिककडे गेले. रिमॅपशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांनी माझे आकडे बघितले आणि एकच विचारलं, "हवेचा पाइप कुणी दाबाने तपासला का?" नव्हता तपासला. त्यांनी टर्बोच्या तोंडाशी टोपी बसवली, कॉम्प्रेसरने जवळजवळ एक बार हवा भरली आणि साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन खाली सरकले. मीही वाकून बघत होते. टर्बोकडून इंटरकूलरला (तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाणारा जाड रबरी पाइप, त्याच्या खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या कडेला, तेलाचा काळा ओलसर पट्टा आणि त्यावर चिकटलेली धूळ. पाणी पडताच तिथे पांढरा फेस फुगायला लागला आणि बारीक फुसफुस ऐकू आली. हवा सोडल्यावर चीर मिटली. बोटाने चाचपूनही लागेना. दाब आला की उघडायची, गेला की बंद. पाइपमध्ये थोडं तेल असतंच, म्हणून ओल दिसली तरी आजवर कुणी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

दोन वर्षांचं कोडं तिथे सुटलं. कंपनीच्या मूळ सेटिंगमध्ये मागणी कमी होती, म्हणून ईसीयू टर्बोच्या पात्या जास्त आवळून ती कशीबशी पूर्ण करायचा. कोड येत नव्हता, पण अंगात शिल्लक काहीच उरत नव्हतं. रिमॅपने मागणी वाढवली आणि ती चीर उघडी पडली. बॉक्सचा धूरही त्यातलाच.

नवा पाइप, दोन नवे क्लॅम्प, अर्ध्या तासाचं काम. मूळ सेटिंगवरच गाडी अशी चढली की बहीण म्हणाली, आता आणखी काय करायचंय? खरंच, तुमची तक्रार फक्त 'पूर्वीसारखी ओढत नाही' एवढीच असेल तर बॉक्स आणि रिमॅप दोन्ही बाजूला ठेवा. पाइप, एअर फिल्टर, हवामापक सेन्सर, इंजेक्टरांची करेक्शन (ईसीयू प्रत्येकाचं डिझेल किती कमीजास्त करतोय ते) आधी बघा.

तरी मी रिमॅप केला, दुसऱ्याकडे. त्याने पैशांची गोष्ट काढण्याआधी लॉग घेतला: मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट, मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर, हवा. मग क्लच तपासला. चौथ्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर. काटा वर पळाला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच स्लिप होतोय. माझा टिकला. टॉर्क साधारण वीस टक्के वाढवला, आणि अगदी खालच्या आरपीएमला मुद्दाम कमी ठेवला, कारण तिथेच क्लच आणि इंजिनचे धक्के शोषणाऱ्या ड्युअल मास फ्लायव्हीलला सगळ्यात जास्त मार बसतो. जितकी हवा तितकंच डिझेल, ही धुराची मर्यादा त्याने सांभाळली. चांगल्या रिमॅपचं मोठेपण मला यातच दिसतं. ईसीयूला खरं प्रेशर माहीत असतं, खरं डिझेल माहीत असतं, आणि त्याचे बचावाचे नियम जागे राहतात. बॉक्सच्या बाजूने बोलायचं तर तो काढता येतो, एवढंच. वॉरंटीतल्या गाडीला लावायचा आणि सर्व्हिसला जाताना गुपचूप काढायचा, हा सल्ला मी देणार नाही. विमा कंपनीलाही मी रिमॅपबद्दल लेखी कळवलं.

मूळ फाईल आता माझ्याकडे उघडी आहे, दोन ठिकाणी ठेवली आहे. आणि सर्व्हिसला गाडी देताना जॉबकार्डवर मी लिहूनच घेते: विचारल्याशिवाय सॉफ्टवेअर अपडेट करू नये. अपडेट झालं की रिमॅप पुसला जातो, आणि बिल हातात आल्यावर ते कळून उपयोग नाही.